तीन पायांचं बटण आणि नऊ पायांचं बटण

माझ्या वाह पेडलच्या बटणाला तीन पाय होते, आणि दुखणं तिथेच होतं. वाह म्हणजे गिटार आणि अँप्लिफायर (अँप) यांच्या मध्ये लावायचा, पायाने चालवायचा इफेक्टचा डबा. पेडल चालू असताना काही तक्रार नव्हती. पावडी खालीवर केली की तो व्यवस्थित 'वाव्-वाव्' करायचा. बंद केला की गिटार मलूल व्हायची. गिटार सरळ अँपला लावा, वरच्या दोन तारांना छान धार असते. मध्ये हा डबा घाला, बंदच ठेवा, आणि तीच तार वाजवा. धार जाते, सूर तोच राहतो, वर पातळ गोधडी टाकल्यासारखा. लग्नाच्या लॉनवर ढोल, पॅड आणि कीबोर्डच्या गदारोळात हे कोणाच्या बापाला कळत नाही. पण घरी एकट्याने वाजवताना मला कळायचं, आणि एकदा कळलं की मग तेच ऐकू येत राहतं.

मी धुळ्याचा. दिवसा मोटार रिवाइंडिंगचं आणि इन्व्हर्टरचं काम, लग्नसराईत ऑर्केस्ट्रात गिटार. शिरपूर, साक्री, दोंडाईचा, कधी नंदुरबारपर्यंत सुपाऱ्या असतात. आखाजीच्या आगेमागे तर झोप मिळत नाही. देवशयनी झाली, लग्नं थांबली की पेडलं उघडायला सवड मिळते. उघडायची जागा म्हणजे नानांचं दुकान. नाना माझे कोणी नात्यातले नाहीत, पण वडिलांच्या वयाचे आणि व्हॉल्व्हच्या रेडिओपासून हात बसलेले. आता रेडिओ कोण आणतं? गावाकडच्या भजनी मंडळांचे अँप्लिफायर आणि फाटलेले हॉर्न दुरुस्त करतात. गिटारचं पेडल त्यांच्या टेबलावर पहिल्यांदाच आलं होतं. मी तक्रार सांगितली, तर चष्मा वर करून म्हणाले, "काय भो, बंद शे तरी आवाज मरस?"

बंद आहे तरी आवाज का मरतो, हे कळायला ते तीन पाय बघावे लागतात. मधला पाय बाहेर जाणाऱ्या जॅककडे जातो. एका बाजूचा पाय सर्किटच्या आउटपुटला जोडलेला, दुसऱ्या बाजूचा सरळ इनपुट जॅकला. बटण दाबलं की मधला पाय या नाहीतर त्या बाजूला चिकटतो. म्हणजे निवड होते ती फक्त बाहेर पडायच्या तोंडाशी. आत शिरायच्या तोंडाशी काहीच तुटत नाही. गिटारचा सिग्नल बायपासच्या तारेने अँपला जातो हे खरं, पण त्याच वेळी तो सर्किटच्या पोटातही झिरपत असतो. आमच्याकडे केळीच्या बागेत ठिबक आहे त्यांना हे लगेच समजेल. लॅटरल, म्हणजे झाडांच्या ओळीतली नळी, वाटेत फुटून गळत राहिली, तर शेवटच्या झाडापाशी दाब राहणार नाही.

गिटारच्या पिकअपमध्ये, म्हणजे तारांखालच्या कॉइलमध्ये, दाब मुळातच कमी. चुंबकावर बारीक तारेचे हजारो वेढे, बॅटरी नाही, काही नाही. अशा कॉइलला पुढे जितका मोठा रोध दिसेल तितकी ती मोकळी वाजते. म्हणून अँपचा इनपुट साधारण १० लाख ओहमचा, म्हणजे एक मेगओहमचा ठेवतात. जुन्या वाहचा इनपुट असतो लाखभर ओहमच्या आसपास. एवढं ओझं कायम लटकलं की पिकअपचा वरचा उठाव बसतो. धार म्हणतो ती हीच.

मग त्या काळच्या लोकांनी असं का केलं? १९६६-६७ च्या सुमारास कॅलिफोर्नियात थॉमस ऑर्गन कंपनीत वाहचा जन्म झाला. तेव्हा गिटारवाल्याच्या पायाशी एखादाच डबा असायचा. तीन पायांचं बटण स्वस्त, मजबूत आणि लाथा खाणारं. एका डब्याच्या गळतीने फार बिघडत नाही, अँपचा ट्रेबल थोडा वाढवला की झालं. पुढे पायाशी चार-पाच डबे आले आणि प्रत्येकाची गळती बेरजेत धरावी लागली. कंपन्यांनीही नंतर काही वाहमध्ये इनपुटला जादा ट्रान्झिस्टर घालून बफर दिला, म्हणजे गिटारवर ओझं न टाकता सिग्नल पुढे नेणारा टप्पा, तिथे हे दुखणं तेवढं राहत नाही. माझा वाह क्राय बेबी नावाच्या जुन्या वाहच्या सर्किटवर बेतलेला होता. दोन ट्रान्झिस्टर, एक इंडक्टर, बफर नाही.

नानांचा एक नियम आहे. कानाने ऐकलं ते मीटरवर दाखवा, मग हत्यार उचलतो. पेडलाच्या इनपुटचा रोध मल्टीमीटरने थेट मोजता येत नाही, कारण मध्ये कपॅसिटर असतो. त्यांनी युक्ती सांगितली. मोबाइलवर ४०० हर्ट्झचा सूर लावायचा, हेडफोनच्या पिनेतून तो घ्यायचा, वाटेत १०० किलोओहमचा रेझिस्टर घालायचा आणि त्याच्या पलीकडच्या टोकावर एसी व्होल्ट बघायचे. काही न जोडता आले ०.४० व्होल्ट. तिथे बंद केलेला वाह जोडला, काटा... नाही, आता काटा कुठला, आकडा उतरून ०.२० वर आला. निम्मा. म्हणजे पलीकडे आमच्या रेझिस्टरएवढाच, लाखभर ओहमचा रोध बसलेला आहे. बंद अवस्थेत! नानांना गिटारमधलं काही कळत नाही, पण तो निम्मा झालेला आकडा त्यांना अपमानासारखा लागला. म्हणाले, आणा बटण.

बटण धुळ्यात मिळालं नाही. जळगावच्या गोलाणी मार्केटला ओळखीच्या पोराला विचारलं, त्याने मोबाइलचे सगळे सुटे भाग दाखवले, पायाने दाबायचं नऊ पायांचं बटण काही दाखवलं नाही. शेवटी मुंबईला जाणाऱ्या एकाला चिठ्ठी दिली आणि लॅमिंग्टन रोडवरून ती निळ्या रंगाची बटणं आली. दीडशे-दोनशे रुपयांची वस्तू. याला थ्रीपीडीटी म्हणतात. एकाच दांड्यावर तीन स्वतंत्र बदलती बटणं, प्रत्येकाचे तीन पाय, म्हणून नऊ. खरं तर ट्रू बायपासला, म्हणजे पेडल बंद असताना सर्किट दोन्ही तोंडांनी तोडायला, दोनच ओळी लागतात. एक आत शिरायच्या तोंडाला, एक बाहेर पडायच्या. तिसरी ओळ फक्त एलईडीसाठी. एलईडी नको असेल तर सहा पायांचं बटण पुरतं. पण लॉनवर रात्री, मंडपाच्या झिरमिळ्यांच्या उजेडात पायाखालचा डबा चालू आहे की बंद हे कळायला दिवा हवाच.

जोडणीचे नकाशे हवे तेवढे मिळतात, पण नऊ पायांपैकी कोणते तीन एका ओळीचे, इथेच माणूस घसरतो. बटण फिरवून धरलं की उभ्याचं आडवं होतं. आम्ही नकाशा बाजूला ठेवला आणि मीटरचा बीपर लावला. दाबून एकदा, सोडून एकदा. कोण कोणाशी वाजतं ते बघून मार्करने तीन ओळींना अ, ब, क लिहिलं.

वाहच्या बाबतीत एक सोय होती. जुन्या बटणाच्या तीन तारा जशाच्या तशा वापरता येत होत्या. 'ब' ओळीच्या मधल्या पायाला आउटपुट जॅकची तार, एका टोकाला सर्किटचं आउटपुट, दुसऱ्या टोकाला इनपुट जॅककडून येणारी तार. हे म्हणजे पूर्वीचंच. नवीन काम सगळं 'अ' ओळीत. सर्किटचं तोंड इनपुट जॅकपासून सुटं करायचं, तर बोर्डवरचा तांब्याचा पट्टा ब्लेडने कापा असं बरेच जण सांगतात. माझ्या जिवावर आलं. बोर्डावर शिरल्या शिरल्या ६८ किलोओहमचा एक रेझिस्टर असतो. त्याचा जॅककडचा पाय सोल्डर वितळवून वर उचलला, त्याला तार लावली आणि ती 'अ' च्या मधल्या पायाला आणली. उद्या कोणाला पेडल मूळ रूपात हवं असलं, तर पाय परत भोकात घालायचा, काम संपलं. 'अ' च्या एका टोकाला, पेडल चालू असताना मधला पाय जिथे चिकटतो तिथे, इनपुट जॅकचा सिग्नल. तो 'ब' ओळीतल्या पायावरून छोटा तुकडा टाकून घेतला. दुसऱ्या टोकाला जमीन, म्हणजे ग्राउंड.

हे शेवटचं ग्राउंड पुष्कळ नकाशांत नसतं आणि माझ्या मते ते असायलाच हवं. पेडल बंद केल्यावर सर्किट काही झोपत नाही. त्याला वीज मिळतच असते, आणि त्याचं तोंड उघडं लोंबत राहिलं तर ते अँटेनासारखं काहीबाही गोळा करतं. गेन, म्हणजे सिग्नल फुगवण्याची ताकद, जास्त असलेल्या डिस्टॉर्शनमध्ये (आवाज फाडणाऱ्या पेडलमध्ये) तर आतल्या आत शिट्टी सुरू होते आणि ती शेजारच्या तारेवर उडी मारून बायपासमध्येही ऐकू येते. बंद असताना तोंड जमिनीला टेकवलं की ते गप्प बसतं. एक इंच तारेचं काम आहे, कंजूषी कशाला?

सोल्डरिंगबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ही बटणं सोल्डरिंगमध्येच मरतात. नऊ पाय प्लॅस्टिकच्या चौकोनात रोवलेले असतात. पाय तापला की प्लॅस्टिक मऊ होतं, पाय एक केस तिरका होतो आणि आतली पट्टी नीट टेकत नाही. दिसायला बटण ठणठणीत, कार्यक्रमात मात्र कधी लागतं, कधी नाही. नानांची पद्धत अशी. २५ वॅटची गन पूर्ण तापू द्यायची, टोक ओल्या स्पंजवर पुसून चकचकीत करायचं. तारेला आधी कथिल चढवायचं, पायाला वेगळं चढवायचं, मग दोन्ही एकत्र आणून टोक नुसतं टेकवायचं. मनात एक-दोन म्हणायचं आणि उचलायचं. लगेच शेजारच्या पायाला हात लावायचा नाही. पलीकडच्या कोपऱ्यातला पाय घ्यायचा, तोवर हा थंड होतो. कमी तापलेली गन जास्त वाईट, कारण कथिल वितळत नाही म्हणून माणूस ती धरून बसतो आणि सगळी उष्णता प्लॅस्टिकमध्ये जाते. आणि टेबलावरचा पंखा बंद. हे काम वैशाखात न करता पावसाळ्यात करायचं खरं कारण माझ्या लेखी हेच आहे. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत पंखा बंद करून गनसमोर बसून बघा.

एलईडीचा हिशोब मजेशीर निघाला. वाहचं सर्किट बॅटरीतून जेमतेम एक मिलिअँपिअरच्या आतबाहेर खातं. नेहमीसारखा २.२ किलोओहमचा रेझिस्टर लावून लाल एलईडी पेटवली तर तीच तीन मिलिअँपिअरच्या वर घेते. ९ वजा २ म्हणजे ७ व्होल्ट, भागिले २२००. म्हणजे घरच्यापेक्षा पाहुण्याचंच जेवण मोठं. मग जास्त उजेडाची एलईडी घेतली आणि १० किलोओहम लावला. पाऊण मिलिअँपिअरच्याही आत काम झालं, आणि रात्री डोळ्यावर येईल इतका दिवा तरीही लागतो. तिच्यासाठी डब्याच्या बाजूला भोक पाडावं लागलं. ओतीव अॅल्युमिनियम मऊ असतं, आधी पंचने खूण, मग बारीक ड्रिल, मग मोठं. बोर्ड बाहेर काढूनच ड्रिल करावं. अॅल्युमिनियमचा कीस बोर्डावर पडला तर कुठे शॉर्ट करेल सांगता येत नाही.

इनपुट जॅकबद्दलही एक सूचना. तो स्टिरिओ जॅक असतो, आणि गिटार मोनो असताना स्टिरिओ का, म्हणून काही जण बदलून टाकतात. बदलू नका. बॅटरीची उणे तार त्याच्या मधल्या कड्याला जोडलेली असते. मोनो पिन आत गेली की तिचा दांडा त्या कड्याला जमिनीशी जोडतो आणि पेडल सुरू होतं. पिन काढली की बॅटरी सुटते. पेडलाचा मेन स्विच तोच. मोनो जॅक लावला तर बॅटरी एकतर कधीच लागणार नाही, नाहीतर कायमची लागून राहील.

वाहमध्ये सगळ्यात जास्त वेळ गेला तो विजेच्या नाही, लोखंडाच्या कामात. बटण पावडीच्या पुढच्या टोकाखाली असतं. पाय जोरात पुढे दाबला की पावडी बटणावर आदळते आणि पेडल चालू-बंद होतं. नव्या बटणाची उंची जुन्यापेक्षा वेगळी, शिवाय ते हलकं दाबलं जातं. थोडं वर राहिलं की वाजवता वाजवता, नुसता ट्रेबलकडे पाय गेला तरी पेडल बंद पडतं. थोडं खाली गेलं की नाचावं लागतं. वरची-खालची नटं पाव-पाव फेरा फिरवत, पावडीखालच्या रबराची जाडी बदलत ते जमवलं. पावडी सहज पूर्ण पुढे जाते आणि मग मुद्दाम जोर दिला तरच 'टक्' होतं, अशा जागी नट आवळला. तिथे नेलपॉलिशचा थेंब दिला, कंपनाने सुटू नये म्हणून. नेलपॉलिश नानांच्या सुनेची.

मग परत तोच ४०० हर्ट्झचा सूर आणि तोच रेझिस्टर. पेडल नसताना ०.४०, बंद पेडल जोडून ०.४०. नाना फक्त 'हं' म्हणाले आणि चहा सांगितला. मी गिटार लावली. फरक होता. मोठा नव्हता, पण नक्की होता. वरच्या दोन तारांवर नखाने ओढलं की जी किनार येते ती बंद पेडलातूनही आली. पावडी खालीवर करतानाचा वाहचा स्वतःचा आवाज मात्र होता तसाच राहिला. हेही सांगून ठेवतो, कारण ट्रू बायपास केल्यावर इफेक्टच सुधारतो असं मानणारे पुष्कळ भेटतात. चालू असताना सिग्नल पूर्वी जिथून जायचा तिथूनच आताही जातो.

हात बसला होता, म्हणून दुसरा डबा घेतला. तो डिस्टॉर्शन प्लस नावाच्या पेडलच्या जुन्या नकाशावर बनवलेला साधा डिस्टॉर्शन. एक ऑप-अँप, दोन डायोड, आणि बटण तेच तीन पायांचं. चाचणी लावली तर आकडा ०.४० वरून ०.३५ वर. मला वाटलं, याला हात लावायची गरज नाही. नाना म्हणाले, "सूर वर ने." ४००० हर्ट्झ लावला. आता पेडल जोडल्यावर आकडा पेडलाशिवाय येत होता त्याच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर आला. डबा उघडला तर कारण समोर होतं. इनपुटवरून थेट जमिनीला एक नॅनोफॅरडचा कपॅसिटर. रेडिओ स्टेशनं आत घुसू नयेत म्हणून तो तिथे असतो, पण पेडल बंद असतानाही तो गिटारला चिकटलेला. खालच्या सुरांना त्याचा उपद्रव थोडा, वरचे सूर मात्र तो जमिनीत घालतो. वाह सरसकट ओझं टाकत होता, हा निवडून वरचंच खात होता. मला हा भाग सगळ्यात आवडला. एका आकड्यावर विसंबलो असतो तर हा डबा निर्दोष सुटला असता.

याची जोडणी पहिल्यासारखीच, फक्त 'अ' ओळीकडे जाणारी तार शील्डची घेतली. वाहपेक्षा याचा गेन फार, आणि आत जाणारी आणि बाहेर येणारी तार शेजारी धावली की शिट्टी ठरलेली.

बातमी फुटायला वेळ लागत नाही. दोंडाईच्याचा एक गिटारवाला, आमच्याच ऑर्केस्ट्रात अधूनमधून असतो, पिशवीत तीन डबे घेऊन आला. पहिला डबा त्याने मोठ्या शहरात कोणाकडून तरी ट्रू बायपास करून घेतलेला. "मना डब्बा टप्प करस भो," म्हणाला. बटण दाबलं की स्पीकरमधून टप्पकन आवाज. मंत्र चालू असताना, बुवा डोळे मिटून असताना याने पेडल दाबलं आणि सगळे याच्याकडे बघायला लागले.

उघडला. जोडणी स्वच्छ होती, कारागीर वाईट नव्हता. पण बंद अवस्थेत सर्किटचं तोंड लोंबतं ठेवलेलं. आत शिरताना जो कपॅसिटर असतो त्याची आतली बाजू साडेचार व्होल्टच्या आसपास असते. बाहेरची बाजू हवेत असली तर कपॅसिटरच्या सूक्ष्म गळतीने तीही हळूहळू चढते. मग बटण दाबताच ती बाजू एकदम गिटारला, म्हणजे जवळजवळ शून्य व्होल्टला टेकते. तो धक्का म्हणजे टप्प. ओळखायची खूण अशी की लागोपाठ दाबलं तर आवाज बारीक होतो, थोडा वेळ थांबून दाबलं की परत मोठा. कपॅसिटरला चढायला वेळ मिळालेला असतो. त्या पायावरून जमिनीला २.२ मेगओहमचा रेझिस्टर टाकला. रोध इतका मोठा की गिटारला त्याचं ओझं नाही, पण साचणारा चार्ज निघून जायला तेवढी वाट पुरते. आउटपुटकडच्या कपॅसिटरलाही तसाच एक टाकला. दोन रेझिस्टर, चार टाके, टप्प गेलं. यांत्रिक बटणाचा स्वतःचा बारीक 'टिक' राहतो, तो राहणारच.

दुसरा डबा बॉस कंपनीचा कोरस. तोही ट्रू बायपास करून द्या म्हणाला. मी नाही म्हटलं आणि तिथे आमचा वाद झाला. त्याचं म्हणणं, एवढे दोन केले, हा का नाही? १९७७ मध्ये बॉसने छोटे डबे काढले तेव्हापासून त्यांच्या पावडीखाली सिग्नल बदलणारं बटण नसतंच. तिथे असतं ते नुसतं दाबून सोडायचं लहानसं बटण. ते आतल्या फ्लिप-फ्लॉपला, म्हणजे चालू-बंद लक्षात ठेवणाऱ्या सर्किटला, खूण देतं, आणि सिग्नलचा रस्ता बदलतात एफईटी ट्रान्झिस्टर. म्हणून तो टप्प करत नाही आणि बटण वर्षानुवर्षं टिकतं. इनपुटला बफर असतो, त्याचा रोध मोठा, गिटारला ओझं नाही. म्हणजे वाहचं दुखणं याला नाहीच. नऊ पायांचं बटण बसवायचं तर डब्याला भोकं, पावडीची मोडतोड, आणि मिळणार काय?

उलट मिळालेलं जाईल, हे त्याला आकड्यांनी दाखवलं. केबलही त्या कपॅसिटरसारखीच वरचे सूर खाते. आमच्या केबलचं एक टोक मल्टीमीटरच्या कपॅसिटन्सच्या घरात लावलं. दर मीटर लांबीला साधारण १३० पिकोफॅरड भरले. लांबी मोजून विकत मिळणारी साधी केबल अशीच असते, चांगली १०० च्या आसपास जाते. आता गिटारपासून पेडलांपर्यंत तीन-साडेतीन मीटर, आणि पेडलांपासून अँपपर्यंत दहा, कारण स्टेजवर अँप मागे पॅडवाल्याच्या पलीकडे असतो. सगळे डबे ट्रू बायपास असले आणि सगळे बंद असले, तर गिटारला ही सगळी केबल एकसलग दिसते. पावणेदोन हजारांच्या आसपास पिकोफॅरड. सिंगल कॉइल पिकअप अडीच हेन्रीचा धरला आणि त्याची स्वतःची थोडी कपॅसिटन्सही मिळवली, तर त्याचा वरचा उठाव येतो २३०० हर्ट्झच्या आसपास. मध्ये बॉसचा बफर असेल तर गिटारला फक्त त्याच्यापर्यंतचीच केबल दिसते, आणि उठाव राहतो ४२०० च्या आसपास. दहा मीटरचं ओझं बफर स्वतःच्या खांद्यावर घेतो. ज्या धारेसाठी आपण बटणं बदलत बसलो, तीच धार सगळी बटणं बदलून परत घालवायची का?

त्याला आकडे पटले नाहीत. ऐकवल्यावर पटलं. नानांनी त्याला पाठमोरा बसवला, मी एकदा बॉस मध्ये घालून, एकदा काढून तोच कॉर्ड वाजवला. दर वेळी त्याने बरोबर ओळखलं. इंग्लंडमध्ये मोठमोठ्या गिटारवादकांचे पेडलबोर्ड बांधणारा पीट कॉर्निश नावाचा कारागीर कायम हेच सांगत आला आहे की सरसकट ट्रू बायपासची साखळी केबलच्या ओझ्याने मरते, बफर हवा. मी त्याच्याइतका टोकाला जाणार नाही. फझसारख्या आवाज खरबरीत करणाऱ्या डब्याला, विशेषतः जुन्या फझ फेस पेडलच्या जातीच्या, आधी बफर आलेला चालत नाही. त्याला गिटारचं कॉइल थेट दिसावं लागतं, तरच गिटारचा व्हॉल्यूम कमी केल्यावर तो साफ होतो. म्हणून फझ, वाह ही मंडळी पुढे आणि ट्रू बायपास, त्यांच्यामागे एखादा चांगला बफर, मग लांब केबल. माझा बोर्ड आता असाच आहे. डिले, म्हणजे आवाजाचे पडसाद देणारा डबा, शेवटी, त्यालाही हात लावला नाही. बंद केल्यावर त्याची शेपूट हळूहळू विरत जाते, ती बफरमुळेच. ट्रू बायपास केला तर बटण दाबताच घुमणारा आवाज कापला जाईल.

बॉसच्या डब्याकडे बोट करून नानांनी निकाल दिला, "ऱ्हाऊ दे भो त्याले."

राहिला तिसरा डबा. जुना, परदेशातून कोणीतरी आणून दिलेला फेझर, तीन पायांच्या बटणाचा, बंद असताना आवाज खाणारा. हा खरं तर बदलण्याजोगाच. पण अशा जुन्या डब्यांना मूळ रूपात किंमत येते, एक भोक पाडलं की ती पडते. त्याला तो पुढेमागे विकायचाही होता. म्हणून डबा उघडलाच नाही. बाहेरून एक पेटी केली. अॅल्युमिनियमची लहान पेटी, चार जॅक, एक नऊ पायांचं बटण. गिटार पेटीत, पेटीतून एक केबल फेझरला, फेझरची परत पेटीत, पेटीतून अँपला. फेझर कायम चालू ठेवायचा आणि पेटीचं बटण दाबायचं. पेटी बंद असली की फेझर दोन्ही बाजूंनी तुटलेला, आत काही का असेना. याला ट्रू बायपास लूपर म्हणतात. माझ्या मते पहिल्यांदा सोल्डरिंग करणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी. चुकलं तर पेटी बिघडेल, पेडल नाही.

या पेटीला वीज लागते ती फक्त दिव्याला. सिग्नल नुसत्या तारांतून आणि बटणातून जातो, त्यामुळे ऐन वरातीत बॅटरी संपली तरी गिटार वाजत राहील, एलईडी तेवढी लागणार नाही. हे त्याला बजावून सांगितलं, नाहीतर दिवा गेला म्हणून तो स्टेजवर पेटी उघडून बसेल. पेटीवर मार्करने 'आत', 'बाहेर', 'फेझरला', 'फेझरकडून' असं मराठीत लिहून दिलं, आणि पैशांचं विचारल्यावर नानांनी सामानाचे घेतले, मजुरी तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या सुपारीवर ठेवली.